बडोद्यात थेट शेतकऱ्याकडून भाजी घ्यायची तर

शेतकऱ्याकडून भाजी घेतली की ती स्वस्त पडते, असं बहुतेकांना वाटतं. कधी पडते, कधी पडत नाही. ऐन थंडीत शहराजवळच्या पादऱ्याच्या शेतकऱ्याकडची पापडी (वालाच्या शेंगा) आणि सोसायटीच्या दारात आलेल्या लारीवरची, म्हणजे हातगाडीवरची, पापडी यांच्या भावात फारसं अंतर नसतंही. खरा फायदा आहे तो तासांचा. आदल्या संध्याकाळी तोडलेली मेथी सकाळी सातला तुमच्या पिशवीत पडली, तर ती बारा-चौदा तासांची असते. तीच मेथी घाऊक बाजार, दलाल, किरकोळ विक्रेता आणि लारी असा प्रवास करून आली, तर घरी पोचेपर्यंत दीड-दोन दिवसांची होते. पालेभाजीतलं क जीवनसत्त्व उबदार हवेत एक-दोन दिवसांतच बरंच कमी होतं. मटार आणि मक्याच्या कणसातली साखर तोडल्या क्षणापासून पिठूळ व्हायला लागते. मटाराची गोडी गेली की मसाला कितीही घातला तरी ती परत येत नाही.

दुसरा फायदा शेतकऱ्याचा, आणि तो आपणही आपलाच मानायला हवा. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासपत्रानुसार ग्राहक टोमॅटोसाठी जो रुपया मोजतो, त्यातले सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७. उरलेल्यात वाहतूक, हमाली, दलाली, नासाडी आणि विक्रेत्यांचा नफा. शेतकरी स्वतः रस्त्याकडेला बसतो, तेव्हा त्याचाही वेळ आणि भाडं खर्च होतं, म्हणून तो लारीपेक्षा खूप स्वस्त विकेल अशी अपेक्षा धरू नका. भाव जवळपास तोच असेल, पण त्यातला मोठा वाटा पिकवणाऱ्याकडे राहील.

कुठे जायचं आणि किती वाजता

खंडेराव मार्केट बडोदेकरांच्या सवयीचं. सयाजीराव महाराजांच्या काळातली, १९०६ सालची ही इमारत, आणि तिथला भाजीबाजार आजही गजबजलेला असतो. निवडीला तो उत्तम आहे, पण तिथे बसणारे बहुतेक व्यापारी आहेत. घाऊक मालासाठी सयाजीपुऱ्याचं मार्केट यार्ड. तिथले मोठे व्यवहार पहाटेच उरकतात. किरकोळ गिऱ्हाइकाने तिथे एकट्यासाठी जाण्यात अर्थ नाही, चार घरांनी मिळून घ्यायचं असेल तरच जावं.

शेतकरी स्वतः भेटतात ते शहरात शिरणाऱ्या रस्त्यांवर: पादरा रोड, डभोई रोड, वाघोडिया रोड, सावली रोड. पादरा तालुका भाजीसाठी नावाजलेला आहे. सकाळी साडेसहा ते आठ ही सर्वांत चांगली वेळ. नऊनंतर कोवळा माल उचललेला असतो आणि उन्हाळ्यात उरलेल्याला ऊन लागलेलं असतं. संध्याकाळी भाव उतरतो, पण ती भाजी दिवसभर शिंपडलेल्या पाण्यावर तग धरून असते. त्याच रात्री शिजवणार असाल तरच घ्या.

देशी तूर, उडीद, पांढरा मका असलं कोरडं धान्य हवं असेल आणि फिरायची तयारी असेल, तर छोटा उदेपूरचा शनिवारचा हाट बघावा. बडोद्याहून शंभर किलोमीटरच्या वर आहे, त्यामुळे हे काम वर्षातून एकदा करण्याचं.

समोरचा शेतकरी आहे की व्यापारी

एक नजर मालावर टाकली तरी बरंच कळतं. शेतकऱ्याकडे दोन-तीन, फार तर पाच प्रकार असतात आणि ते सगळे त्याच ऋतूचे असतात. वांगी लहान-मोठी मिसळलेली, मुळ्यांना माती, पापडीत थोडी जून शेंग. जिच्याकडे फ्लॉवर, सिमला मिरची, सफरचंद आणि आलं एकत्र मांडलेलं आहे, तिने तो माल यार्डातून आणलाय. त्यात वाईट काही नाही, फक्त ताजेपणाचा हिशेब वेगळा.

मग दोन प्रश्न विचारा. "बेन, आ क्यां नुं छे?" (हे कुठलं आहे?) आणि "आजे तोड्युं के काले?" (आज तोडलं की काल?) पिकवणारी बाई गावाचं नाव सांगेल, आणि न विचारता पुढचंही सांगेल: आता तोडा संपत आला, पुढच्या आठवड्यात दुधी येईल. व्यापाऱ्याला पुढच्या आठवड्याचं ठाऊक नसतं. पालेभाजीसाठी तिसरा प्रश्न पाण्याचा: बोअर, कालवा की नाला? शहराच्या जवळपास सांडपाण्यावर वाढवलेला पालक हिरवागार आणि मोठ्या पानाचा दिसतो, आणि नेमका तोच टाळायचा असतो. नर्मदेच्या कालव्यावरची किंवा बोअरवरची भाजी घ्या.

भेंडी, वांगं, गवार आणि फ्लॉवर यांवर फवारणी जास्त होते. "छेल्ली दवा क्यारे छांटी?" (शेवटचं औषध कधी फवारलं?) हे सरळ विचारावं. प्रत्येक औषधाच्या डब्यावर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलेलं असतं, आणि नीट शेती करणाऱ्याला ते माहीत असतं. उत्तर टाळलं तर पुढच्या टोपलीकडे जा.

सेंद्रिय म्हणून जास्त भाव मागितला तर पीजीएस-इंडियाच्या गटाचं प्रमाणपत्र आहे का विचारा. हे किमान पाच शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासून द्यायचं प्रमाण आहे. त्यात 'ग्रीन' म्हणजे बदलाच्या टप्प्यावरचं शेत आणि 'ऑरगॅनिक' म्हणजे पूर्ण झालेलं. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान शेतकऱ्याला थेट ग्राहकाला विकताना प्रमाणपत्राची सक्ती नाही. म्हणून कागद नाही एवढ्यावरून त्याला खोटं ठरवू नका. अशा वेळी शेत बघायला येऊ का, एवढंच विचारा. खऱ्या माणसाला या प्रश्नाचा आनंद होतो.

भाव आणि काटा

गुजरातच्या बाजारात मण म्हणजे २० किलो. यार्डातला भाव कानावर आला की तो मणाचा असतो. ४०० चा भाव म्हणजे किलोला २० रुपये. हे डोक्यात ठेवलं की किरकोळ भाव रास्त आहे की नाही ते लगेच कळतं. विचारताना नेहमी किलोचा भाव विचारा, पावशेराचा नाही. पावशेराच्या भावात किलोमागे दहा-वीस रुपये सहज लपतात. जुडीने विकली जाणारी भाजी एकदा काट्यावर ठेवून बघा. मेथीच्या दोन जुड्या दिसायला सारख्या असल्या तरी वजनात दीडपट फरक निघू शकतो, आणि ओल्या जुडीत पाण्याचंच वजन बरंच असतं.

इलेक्ट्रॉनिक काट्याची सरकारी पडताळणी दर १२ महिन्यांनी आणि लोखंडी वजनांची दर २४ महिन्यांनी व्हायला हवी. काट्यावरच्या शिक्क्यात वर्ष आणि तिमाहीचं अक्षर असतं. शेतकऱ्याच्या काट्यावर तो शिक्का नसेल तर त्यामागे लबाडी असेलच असं नाही, बरेचदा काटा घरचा किंवा उसना असतो. शंका असेल तर पिशवीत मिठाची न फोडलेली एक किलोची थैली ठेवा आणि काट्यावर ठेवायला सांगा. थैलीच्या वजनासह १,००० च्या वर चार-दहा ग्रॅम दिसले पाहिजेत. १,०५० दिसलं तर किलोमागे सुमारे पन्नास ग्रॅम भाजी कमी मिळतेय. तोलण्याआधी टोपली ठेवून आकडा शून्यावर आणलाय ना, तेही बघा.

पाच रुपयांसाठी शेतकऱ्याशी घासाघीस करू नये. त्याऐवजी जास्त घ्या आणि भाव मागा: "चार किलो घेते, काय लावशील?" हा व्यवहार दोघांनाही परवडतो. दहा-वीसच्या नोटा सोबत असू द्या, सकाळच्या पहिल्या तासात पाचशेची मोड कोणाकडेच नसते.

हात लावून काय तपासायचं

भेंडीचं टोक बोटाने मोडा. कट्कन तुटलं तर कोवळी, वाकलं तर जून. गवार वाकवल्यावर मोडली पाहिजे. वांग्याचा देठ हिरवा आणि काटेरी असावा, आणि आकाराच्या मानाने हलकं वांगं घ्यावं, जड वांग्यात बी जास्त निघतं. पापडीत बोटाला दाणा लागला पाहिजे, पण साल ताणलेली नको. शेंगेवर बारीक भोक असेल तर आत अळी आहे, एवढ्या एका कारणासाठी पापडी मुठीने उचलू नये, निवडून घ्यावी. पालेभाजीचा देठ कापल्या जागी ओला आणि हिरवा हवा. तपकिरी पडला असेल तर ती कालची. हिरवटपणा आलेला बटाटा कितीही स्वस्त असला तरी नको, त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं.

थंडीत सोललेले मटार आणि तुरीचे ओले दाणे, इथले लीलवा, ढिगाने विकायला असतात. सोय मोठी, पण ते पाण्यात ठेवलेले असतात आणि काही वेळा रंगवलेलेही. चमचाभर दाणे पेलाभर पाण्यात अर्धा तास ठेवा. पाण्यात रंग उतरला तर फेकून द्या. हिरवी मिरची किंवा भेंडी फार चकाकत असेल, तर कापसाचा बोळा लिक्विड पॅराफिनमध्ये भिजवून सालीवर घासा. बोळा हिरवा झाला तर तो मॅलाकाइट ग्रीनचा रंग. या दोन्ही चाचण्या एफएसएसएआयनेच, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच, घरच्यासाठी सुचवलेल्या आहेत. शक्य असेल तेव्हा शेंगाच घ्या. मटाराच्या किलोभर शेंगांत जेमतेम अर्धा किलो दाणे निघतात, तुरीच्या शेंगांत त्याहून कमी. भावाची तुलना त्या हिशेबाने करा.

किती घ्यायचं

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटाच्या हिशेबात बटाटा सोडून माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या येतात. चार माणसांच्या घराला आठवड्याला ११ किलो झाले. एवढं ऐकून लोक एकदम अकरा किलो उचलतात आणि गुरुवारी निम्मं कचऱ्यात जातं. आठवड्यातून दोनदा जमत असेल तर पाच-सहा किलोच्या दोन फेऱ्या कराव्यात. एकच फेरी शक्य असेल तर पालेभाजी फक्त दोन दिवसांपुरती घ्या आणि उरलेलं वजन दुधी, कोबी, लाल भोपळा, सुरण यांवर टाका.

शिजवण्याचा क्रम खरेदीच्या आधीच ठरवलेला बरा. पहिल्या दोन दिवसांत मेथी, पालक, कोथिंबीर, कोवळा मका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भेंडी, गवार, पापडी, वांगी. त्यानंतर दुधी आणि कोबी, आणि भोपळा सगळ्यांत शेवटी.

घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास

आणलेली भाजी तशीच पिशवीत ओट्यावर ठेवली तर सकाळी लवकर जाण्याचा सगळा फायदा वाया जातो. पिशव्या कापडी असाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाल्याला घाम सुटतो आणि दुपारपर्यंत पानं चिकट होतात. जड भाजी तळाशी, टोमॅटो वर, आणि केळी-चिकू वेगळ्या पिशवीत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने पालेभाजी पिवळी पडते, काकडी मऊ होते.

मेथी आणि पालक धुऊन ठेवू नका. मुळं कापा, खराब पानं काढा, कोरड्या सुती पंच्यात सैल गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. धुवायचं ते शिजवण्याआधी. कोथिंबिरीचे देठ बोटभर पाण्यात उभे ठेवले तर ती चार-पाच दिवस टिकते, पाणी मात्र रोज बदलायचं. टोमॅटो पिकेपर्यंत बाहेरच राहू दे, फ्रिजच्या थंडीत त्याची चव मरते. वांगं आणि भेंडी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांपलीकडे डागाळतात. बटाटा फ्रिजमध्ये नकोच, त्यातल्या पिठाची साखर होते आणि काचऱ्या तळताना काळ्या पडतात. कांदा आणि बटाटा एकाच टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर मोड धरतात.

धुण्यासाठी एक लिटर पाण्यात खाण्याच्या सोड्याचे दोन लहान चमचे, त्यात भाजी पंधरा मिनिटं, नंतर वाहत्या पाण्याखाली. यात सालीवरचं औषध बरंचसं निघतं. झाडाच्या आत शिरलेलं औषध कशानेच निघत नाही, म्हणून वरचा फवारणीचा प्रश्न महत्त्वाचा. पावसाळ्यात पालेभाजीवर चिखल उडालेला असतो, तेव्हा सोड्याच्या आधी साध्या पाण्यात दोनदा बुचकळून माती तळाशी बसू द्यावी.

भोगी आणि उत्तरायण

बडोद्यातल्या मराठी घरांची इथे खास अडचण होते. भोगीची भाजी आणि ऊंधियुं (उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला होणारी गुजराती मिश्र भाजी) यांना लागणारा माल जवळपास एकच: पापडी, ओले दाणे, छोटी वांगी, कोनफळ म्हणजे इथलं रताळू, आणि रताळी म्हणजे इथली शक्करिया. सगळं शहर ११ ते १३ जानेवारीत तेच शोधत असतं. भाव चढतो आणि निवडायला कोणी देत नाही. त्यामुळे खरेदी तीन टप्प्यांत करावी.

कोनफळ आणि शक्करिया जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणून ठेवा. हवेशीर जागी, फ्रिजबाहेर, दोन आठवडे सहज राहतात. कोनफळ दाबून बघा, एखादी जागा मऊ लागली तर आतून काळं असतं. सोलताना हाताला तेल लावा, नाहीतर खाज सुटते.

लीलवा आणि मटार डिसेंबरअखेर, भाव उतरलेले असताना घेऊन गोठवा. दाणे सोलून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा, लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, पंच्यावर पूर्ण कोरडे करा आणि पाव-पाव किलोच्या पिशव्यांत चपटे भरा. उकळी टाळली तर दाण्यातली विकरं थंडीतही काम करत राहतात आणि महिन्याभरात दाणा पिवळट, गवतासारख्या वासाचा होतो. कोरडे न करता भरले तर सगळ्याचा एक गोळा होतो.

पापडी, छोटी वांगी आणि लसणाची पात दोन दिवस आधी, त्याहून आधी नाही. शेतकरी ओळखीचा असेल तर आठवड्यापूर्वीच सांगून ठेवा, तो तुमच्यासाठी कोवळा तोडा बाजूला काढतो. ओळखीचा सर्वांत मोठा उपयोग हाच.

याच दिवसांत ओली हळद आणि आंबेहळद मिळते. दोन्ही मिळून पाव किलो सोलून पातळ चकत्या करा, दोन मोठ्या लिंबांचा रस आणि दोन लहान चमचे मीठ घाला, काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवसापासून खाता येतं.

वर्षाचे गहू

मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू येतो, तेव्हा थेट शेतकऱ्याकडून घेण्याचा फायदा भाजीपेक्षाही मोठा असतो, कारण एकच वाण, न मिसळलेला, मिळतो. रोजच्या पोळीला लोक-१ चांगला. हे वाण भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालं. लापशी आणि लाडवांसाठी भालिया गहू, भाल प्रदेशातला, पावसाच्या ओलीवर वाढणारा. त्याला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दोन वेळा पोळी होणाऱ्या चार माणसांच्या घराला वर्षाला दहा-बारा मण लागतात. पहिल्या वर्षी दोन मणच घ्या आणि त्या शेतकऱ्याच्या गव्हाची पोळी कशी होते ते बघा.

दाणा दाताखाली फोडा. टणकपणे फुटला तर कोरडा. चिरडला गेला तर अजून ओल आहे, आणि ओलसर गहू कोठीत गेला की पावसाळ्यात बुरशी आणि सोंडे ठरलेले. घरी आणल्यावर दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, पण गरम असताना भरू नका. रात्रभर पसरून गार होऊ द्या. गरम धान्य बंद पिंपात गेलं की आत वाफ धरते आणि तळाचा गहू कुजतो. मग मणाला सुमारे १०० मिली एरंडेल तळहातांनी चोळून भरायची इथली पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. पाऱ्याच्या गोळ्या धान्यात ठेवू नका, पारा विषारी आहे. सल्फासच्या गोळ्या तर घरात आणूच नका. त्यांतून निघणाऱ्या फॉस्फीन वायूने माणसं मेलेली आहेत.

आंबा

गीरचा केसर मे महिन्यात ऐन भरात येतो. शेतकऱ्याकडून पेटी घेताना कच्चा, पण पूर्ण भरलेला आंबा मागा: देठाजवळचे खांदे वर आलेले, दाबल्यावर टणक. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला देशात बंदी आहे, इथिलीन वायूला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. बाहेरून एकसारखा पिवळा, आतून आंबट आणि वासच नाही, असा आंबा आला तर कार्बाइडचा संशय धरावा. घरी गवतावर एकाच थरात, देठ खाली करून ठेवला तर बडोद्याच्या उन्हाळ्यात चार ते सहा दिवसांत पिकतो. रोज एकदा उलटून बघा आणि डागाळलेला लगेच बाजूला काढा, नाहीतर शेजारचे दोन घेऊन जातो. पिकण्याआधी फ्रिजमध्ये ठेवलेला आंबा काळवंडतो आणि मग कधीच गोड होत नाही. फ्रिजमध्ये ठेवायचा तो पिकल्यावर, तोही दोन-तीन दिवसांपुरता.